अळणी पाऊस

एस्डेलचा किनारा काळा आहे. पाटीचा दगड.
तासून नेला, छपरांवर घातला,
उरला तो लाटांच्या पायाशी पडलाय
शाळा सुटल्यावरच्या फुटक्या पाट्यांसारखा.
भरती पोचत नाही इतक्या उंचीवर एक खळगा,
रुंदीला माझे दोन हात, खोल कोपरापर्यंत.
वादळात समुद्र एकदा डोकावून जातो
आणि मग महिना महिना विसरतो.

त्या पाण्यात कोण राहतं ते बघायला
मी ओबानहून बसने येते, मंगळवारी आणि शुक्रवारी.
पिशवीत बाटल्या, डब्यात पोळीभाजी.
धक्क्यावर तिकिटं फाडणारी इशबेल मॅकॉर्कडेल विचारते,
"कशी आहेत तुझी माणसं?"

माणसं म्हणजे एकेका पेशीचं शेवाळ, हिरवं,
केसाच्या जाडीत आठ शेजारी शेजारी मावतील.
पुढे दोन शेपट्या, पोहायला.
इतर शेवाळांना असते तशी भिंत
डुनालिएलाला नाही.
नुसती कातडी. आणि ती कातडीच घर.

मे महिन्यात अकरा दिवस पाऊस नाही.
स्कॉटलंडात ही बातमी असते.
खळगा आटत गेला, काठाला पांढरी रेघ,
मिठाचा आकडा पस्तीस, अठ्ठावन्न, सत्त्याण्णव.
रविवारी मी नव्हते, इशबेलने मोजलं,
तिकिटाच्या पाठीवर लिहून ठेवलं: एकशे बारा.

कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून ठेवलं
की ताटलीत पाणी सुटतं.
हिचंही पहिल्या मिनिटांत तेच.
चिंबते, सुरकुतते, शेपट्या थांबतात.
कारलं तिथे संपतं.
ही कणगी उघडते,
उन्हात साठवलेलं पीठ मोडायला घेते
आणि त्यातून ग्लिसरॉल करत बसते तासन् तास.
बाहेर जितकं खारट, आत तितकं गोड.
ही उपमा नव्हे. ग्लिसरॉल गोडच असतं,
मी बाटलीतलं चाखलंय,
प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं तरी.

सोडियम आत शिरतं, ती बाहेर काढते,
पुन्हा शिरतं, पुन्हा काढते.
खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे माणसं;
ही न खाल्लेल्या मिठाला जागते, रात्रभर.
फुकट होत नाही हे. त्या दिवसांत
एकीच्या दोन होत नाहीत.
माझ्या वहीत आकडा तोच,
तोच,
तोच.

शुक्रवारी पहाटे पाऊस आला,
पाटी पुसायला आल्यासारखा.
खळगा काठोकाठ. मी बसमधून उतरले ती हसतच.
"सुटली बिचारी," इशबेल म्हणाली.

थेंब काचेखाली ठेवला.
बाहेर अळणी, आत अजून सगळं गोड,
आणि पाणी गोडाकडे धावतं.
भिंत नाही म्हटलं ना.
शंभरातल्या अडतीस फुटल्या होत्या.
ज्यांनी जास्त साठवलं त्याच असाव्यात,
पण हे मला दाखवता येणार नाही:
फुटलेलीच्या आत काय होतं
ते आता खळग्यात आहे, सगळ्यांचं.
उरलेल्या टम्म फुगून, गोल,
घाईने गोड आवरून ठेवत होत्या.

इशबेलला अडतीस सांगितले.
ती तिकिटांचा गठ्ठा सारखा करत राहिली.
"ॲलस्टर सोळा वर्षं तेलाच्या फलाटावर होता.
घरी आला कायमचा, आणि पहिल्या महिन्यात..."
बोटीतून उतारू यायला लागले.
पुढचं तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
त्या दिवशी माझं तिकीट तिने फाडलं नाही.

मंगळवारी पुन्हा मोजायला बसले.
जाळीच्या तिसऱ्या चौकोनात एक लांबट,
कंबरेत किंचित आवळलेली, चार शेपट्यांची.
हिला एक धरायचं की दोन?
नियम आहे: वेगळी होईपर्यंत एकच.
मी एक लिहिलं,
आणि पेन तिथेच टेकवून
बस चुकेपर्यंत बघत राहिले.